प्रॅक्टिस फील्डवरची पाळी : रोबोटिक्स स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्या संघांसाठी

शालेय रोबोटिक्स स्पर्धेत पहिल्यांदा उतरणारा संघ बहुधा मनाशी एक हिशेब बांधून येतो. रोबो शाळेच्या प्रयोगशाळेत चालला आहे, तेव्हा तो इथेही चालेल, आणि काही अडलेच तर प्रॅक्टिस फील्डवर, म्हणजे सरावासाठी मांडलेल्या मैदानावर, जाऊन नीट करून घेता येईल. गेली काही वर्षे मुंबईतल्या स्पर्धांमध्ये मी प्रॅक्टिस फील्डच्या टेबलाशी बसून संघांच्या पाळ्या लावण्याचे काम करते आहे, आणि हा हिशेब सकाळी दहा-साडेदहापर्यंत मोडलेला मी दरवेळी पाहते. फील्ड एकच असते, संघ वीस-पंचवीस असतात आणि पाळी हाती येते ती चार-पाच मिनिटांची. तेवढ्यात रोबो दुरुस्त होत नाही. एखाद्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळू शकते, आणि प्रश्न ठरवून येणाऱ्या संघाला ते बहुधा मिळते. नव्या विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि पहिल्यांदाच संघ घेऊन येणाऱ्या शिक्षकांनी ही पाळी कशी मिळवावी, कशी वापरावी आणि कशी सोडावी, हे पुढे क्रमाने सांगते.

आधी आपले फील्ड ओळखा

प्रत्येक स्पर्धेचे फील्ड वेगळे आणि त्यावरच्या सरावाची रीतही वेगळी असते. ‘फर्स्ट टेक चॅलेंज’चे फील्ड १२ फूट लांब आणि १२ फूट रुंद असून त्यावर दोन-दोन फुटांच्या ३६ मऊ फोम टाइल अंथरलेल्या असतात. ‘व्हेक्स व्ही-फाइव्ह’चे फील्डही १२ बाय १२ फुटांचे असते, ‘व्हेक्स आयक्यू’चे ६ बाय ८ फुटांचे. ‘फर्स्ट लेगो लीग चॅलेंज’ आणि ‘वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड’मधला रोबोमिशन हा प्रकार टेबलावर होतो, आणि त्या टेबलाचे आतले माप २३६२ बाय ११४३ मिलिमीटर असते. मोठ्या मुलांच्या ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’चे फील्ड मात्र सुमारे ५४ बाय २७ फुटांचे, म्हणजे एखादे सभागृह व्यापून टाकणारे असते.

ही मापे मुंबईकरांनी विशेष लक्षात घ्यावीत. बारा बाय बारा फुटांची मोकळी जागा आपल्याकडच्या कितीतरी घरांत सगळ्यात मोठ्या खोलीचीही नसते, आणि शाळेत वर्गातले बाक भिंतीशी सरकवून जेमतेम अर्धे फील्ड मांडता येते. त्यामुळे या शहरातल्या पुष्कळ संघांचा रोबो पूर्ण लांबीचे फील्ड स्पर्धेच्या दिवशीच पहिल्यांदा पाहतो. तुमच्या संघाचे असेच असेल, तर पहिल्या पाळीतला प्रश्न ठरल्यासारखा आहे: या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाताना रोबो किती सरकतो? अर्ध्या फील्डवर बोटभर वाटणारी तिरपी चाल पूर्ण लांबीवर दुपटीने वाढलेली दिसते.

आदल्या दिवसाची तयारी

स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत सराव, वायरलेस आणि सुरक्षितता यांवरची पाने शोधून संपूर्ण संघाने एकत्र वाचावीत. त्याशिवाय आयोजकांनी पाठवलेले दिवसाचे वेळापत्रक वेगळे वाचावे, कारण प्रॅक्टिस फील्ड किती वाजता उघडणार, पाळी किती मिनिटांची असणार आणि नोंदणी कागदावर होणार की रांगेने, या गोष्टी सहसा आयोजकच ठरवतात. त्या नियमपुस्तिकेत सापडतीलच असे नाही.

स्पर्धा बहुतेक वेळा रविवारी असते आणि रविवारी लोकलला बहुधा मेगाब्लॉक असतो. आदल्या दिवशीच ब्लॉक कोणत्या मार्गावर, कोणत्या स्थानकांदरम्यान आणि किती वाजेपासून आहे हे पाहून ठेवा. धीम्या गाड्या जलद मार्गावरून वळवल्या की मधली काही स्थानके गळतात, आणि रोबोचा खोका, टूलबॉक्स व चार्जर घेऊन पुढच्या स्थानकावर उतरून उलट यायचे म्हणजे सकाळची पहिली पाळी गेलीच. सकाळी आठ ते नऊ हा तास प्रॅक्टिस फील्डवर सर्वांत मोकळा असतो. तो मिळवण्यासाठी अर्धा तास आधी निघणे हा दिवसातला सर्वांत स्वस्त सौदा आहे.

रात्री झोपण्यापूर्वी सर्व बॅटऱ्या चार्ज करून त्यांवर क्रमांक लिहा आणि एका वहीत प्रश्नांची यादी करा. ‘ऑटोनॉमस तपासणे’, म्हणजे रोबो ड्रायव्हरशिवाय प्रोग्रॅमवर चालतो तो भाग तपासणे, हा प्रश्न होत नाही. ‘लाल बाजूने सुरू केल्यावर रोबो दुसऱ्या टाइलच्या रेषेवर थांबतो का’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर हो किंवा नाही असे येते आणि त्यावरून पुढे काय करायचे ते ठरते. असे चार-पाच प्रश्न महत्त्वाच्या क्रमाने लिहून ठेवले, की प्रत्येक पाळीला वरचा एक घ्यायचा.

पाळ्यांचे गणित

आपल्याला किती पाळ्या मिळणार, याचा अंदाज सकाळीच घ्यावा. समजा २४ संघ आहेत, प्रॅक्टिस फील्ड एक आहे आणि जेवणाची सुट्टी वगळून ते पाच तास उघडे राहणार आहे. पाळी पाच मिनिटांची धरली, तरी एक संघ बाहेर पडून दुसरा आत येण्यात मिनिटभर जाते. म्हणजे प्रत्यक्षात सहा मिनिटांची एक पाळी. पाच तासांची ३०० मिनिटे, त्यात ५० पाळ्या बसतात. फील्ड दोन संघांनी अर्धे-अर्धे वाटून घेतले तर शंभर. प्रत्येक संघाच्या वाट्याला चार पाळ्या येतात, म्हणजे दिवसभरात अवघी वीस मिनिटे.

त्यातल्या सगळ्याच पाळ्या घेता येत नाहीत. ‘फर्स्ट टेक चॅलेंज’मध्ये एका सामन्यात चार संघ असतात, दोन विरुद्ध दोन. प्रत्येक संघाने पाच पात्रता सामने खेळायचे, तर २४ संघांचे ३० सामने होतात. दर सामन्याला आठ मिनिटे धरली तरी चार तास झाले, आणि हे चार तास प्रॅक्टिस फील्डच्या वेळेवरच येतात. त्याशिवाय परीक्षकांची मुलाखत आणि रोबोची तपासणी असते ती वेगळी. म्हणून सामन्यांचे वेळापत्रक हाती पडताच आपले सामने त्यावर खूण करून दोन सामन्यांमधल्या मोकळ्या जागा शोधाव्यात. दोन सामन्यांत तीनच सामन्यांचे अंतर असेल, तर मध्ये प्रॅक्टिस फील्डवर जाऊ नये; तो वेळ बॅटरी बदलण्यात आणि स्क्रू आवळण्यात जाऊ द्यावा. सहा-सात सामन्यांचे अंतर दिसले, की तिथे पाळी मागावी.

हे खूण करण्याचे काम एकाच विद्यार्थ्याकडे द्या. त्याने किंवा तिने रोबोला हात लावू नये, घड्याळ आणि वेळापत्रक सांभाळावे. नवे संघ या कामाला दुय्यम समजतात आणि ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही त्याच्याकडे ते ढकलतात. माझ्या मते संघातल्या सर्वांत शांत डोक्याच्या मुलाला किंवा मुलीला ते द्यावे.

नंबर कसा लावावा

सभागृहात आल्यावर क्रम असा ठेवा: नोंदणी, पिटमधले (संघांना रोबो ठेवायला आणि दुरुस्त करायला दिलेल्या जागेतले) आपले टेबल, रोबोची तपासणी आणि मगच प्रॅक्टिस फील्ड. काही ठिकाणी तपासणी उत्तीर्ण झालेल्या रोबोलाच फील्डवर घेतात, काही ठिकाणी सकाळी सर्वांना सोडतात. हे टेबलाशी आधीच विचारून घ्यावे, कारण रांगेत वीस मिनिटे उभे राहून तपासणीच्या स्टिकरसाठी परत जावे लागणे फार जिवावर येते.

पाळ्या देण्याच्या दोन पद्धती सर्वत्र दिसतात. एकीत तक्त्यावर वेळा लिहिलेल्या असतात आणि संघ आपला क्रमांक हव्या त्या वेळेसमोर नोंदवतो. दुसरीत सरळ रांग असते. जो येईल त्याचा नंबर. तक्त्याच्या पद्धतीत एका वेळी एकच पाळी नोंदवायची, ती वापरून झाली की पुढची मागायची, हा नियम लिहिलेला नसला तरी पाळावा. हे मी आग्रहाने सांगते, कारण सुरुवातीच्या काळात एका स्पर्धेत आम्ही कोरा तक्ता टेबलावर ठेवून दिला होता आणि पहिल्या पंधरा मिनिटांत अनुभवी संघांनी तीन-तीन, चार-चार ठिकाणी आपले क्रमांक घालून ठेवले. पहिल्यांदाच आलेल्या एका संघातल्या मुली दुपारी एकपर्यंत फील्डच्या कठड्याशी नुसत्या उभ्या होत्या. नियम मोडला असे कोणालाच म्हणता येत नव्हते, कारण आम्ही नियम केलाच नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक संघाला त्याचा क्रमांक लिहिलेला एकच पत्ता, म्हणजे कार्ड, देते. पत्ता तक्त्याच्या खिशात घातला की पाळी लागली, आणि पाळी संपल्यावरच तो परत हातात मिळतो.

रांगेच्या पद्धतीत रोबो स्वतः रांगेत असला पाहिजे. एका मुलाला जागा धरायला उभे करून रोबो पिटमध्ये उघडा ठेवणे हे बसच्या रांगेत पिशवी ठेवून जाण्यासारखे आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते चालवून घेत नाहीत. पुकारल्यावर मिनिटभरात संघ आला नाही, तर पाळी पुढच्याला जाते. ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’मध्ये सराव सामन्यांसाठी याची व्यवस्थाच केलेली असते: नेमलेला संघ आला नाही तर त्याची जागा भरण्यासाठी शेजारी एक वेगळी रांग उभी असते आणि तिच्यातला पहिला संघ आत जातो. लहान स्पर्धांमध्ये अशी औपचारिक रांग नसली, तरी तयार रोबो घेऊन टेबलाशी जाऊन ‘कोणी आले नाही तर आम्ही तयार आहोत’ असे सांगून ठेवायला हरकत नाही. अशा संघाला मी आजवर रिकामे पाठवलेले नाही.

‘व्हेक्स’च्या स्पर्धेत स्किल्सचे, म्हणजे एकट्या रोबोने गुण मिळवण्याच्या प्रकाराचे, फील्ड वेगळे असते आणि तिथले गुण धरले जातात. व्ही-फाइव्हमध्ये ड्रायव्हरचे तीन आणि ऑटोनॉमसचे तीन प्रयत्न मिळतात, प्रत्येक ६० सेकंदांचा. नवे संघ कधी कधी त्यालाच सरावाची जागा समजून प्रयत्न घालवून बसतात, म्हणून रांगेत उभे राहण्यापूर्वी फलक वाचावा.

रोबोमिशनची रीत वेगळी

‘वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड’च्या रोबोमिशनमध्ये सरावाची वेळ सर्वांना एकत्र दिलेली असते आणि ती संपल्यावर सर्व रोबो एका टेबलावर जमा करावे लागतात. याला क्वारंटाइन म्हणतात. त्यानंतर फेरी होईपर्यंत रोबोला किंवा प्रोग्रॅमला हात लावता येत नाही. टेबलावरच्या काही वस्तूंची मांडणी रोबो जमा झाल्यानंतरच यदृच्छेने ठरते. म्हणजे सरावात एका मांडणीवर रोबो दहा वेळा बरोबर चालला, तरी त्यातून फारसे काही कळत नाही. प्रत्येक शक्य मांडणी एकेकदा लावून पाहिली पाहिजे. जमा करण्याच्या पाच मिनिटे आधी नवा बदल करणे बंद करावे. शेवटच्या मिनिटाला सेव्ह केलेला प्रोग्रॅम चुकीचा निघाला, तर तो फेरी संपेपर्यंत तसाच राहतो.

ती पाच मिनिटे

पाळी पुकारण्यापूर्वी रोबो सुरू केलेला, कंट्रोलरशी जोडलेला आणि योग्य प्रोग्रॅम निवडून ठेवलेला असावा. बॅटरीचा व्होल्टेज वहीत लिहिलेला असावा. हे सगळे रांगेत उभे असतानाच करायचे. फील्डवर आल्यावर कनेक्शन शोधत बसलेला संघ पाचातली तीन मिनिटे तिथेच घालवतो, आणि मागच्या रांगेतल्या मुलांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसते.

आत फक्त ड्राइव्ह टीमने, म्हणजे सामन्यात रोबो चालवणाऱ्या मुलांनी, यावे. पायात पुढून बंद असलेले बूट आणि, जिथे नियम आहे तिथे, डोळ्यांवर सुरक्षा चष्मा असावा. पावसाळ्यात सँडल घालून आलेल्या मुलांना मला परत पाठवावे लागते आणि त्याचे वाईट वाटते. शेजारच्या अर्ध्या भागात दुसरा संघ असेल, तर ऑटोनॉमस सुरू करण्यापूर्वी मोठ्याने सांगावे आणि त्यांच्याकडून ‘हो’ ऐकल्याशिवाय बटण दाबू नये. रोबो चालू असताना कठड्याच्या आत हात घालू नये. तो अडकला तरी आधी प्रोग्रॅम थांबवावा, मग उचलावा.

‘फर्स्ट टेक चॅलेंज’चा सामना ३० सेकंदांचे ऑटोनॉमस आणि दोन मिनिटांचा ड्रायव्हर-नियंत्रित भाग मिळून अडीच मिनिटांचा असतो, तेव्हा पूर्ण सामना चालवून पाहण्यात अर्धी पाळी संपते. ड्रायव्हरांची पहिलीच स्पर्धा असेल, तर एकदा तसे करावे. इतर वेळी ऑटोनॉमस तीनदा चालवून तिन्ही वेळा रोबो कुठे थांबला ते मोजणे अधिक उपयोगी. तीनदा, कारण एकदा चुकला तर योगायोग असू शकतो. तिन्ही वेळा एकाच जागी चुकला, तर ती चूक प्रोग्रॅममध्ये दुरुस्त होण्याजोगी आहे, आणि तीन वेगवेगळ्या जागी थांबला, तर दोष चाकांत, बॅटरीत किंवा सुरुवातीला रोबो ठेवण्याच्या पद्धतीत आहे.

एक प्रसंग इथे सांगते. एका संघाचा रोबो सकाळच्या पाळीत ठरलेल्या रेषेवर अचूक थांबला होता. अकराच्या पाळीत तोच प्रोग्रॅम वीतभर अलीकडे थांबला. प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी लॅपटॉप उघडून आकडे वाढवायला निघाली, तेवढ्यात वही सांभाळणाऱ्या मुलाने दोन्ही नोंदी तिच्यापुढे धरल्या: सकाळी १३.२ व्होल्ट, आता १२.१. त्यांचा रोबो ‘दोन सेकंद पुढे जा’ अशा वेळेच्या हिशेबाने चालत होता, आणि बॅटरी उतरली की तेवढ्याच दोन सेकंदांत तो कमी अंतर कापत होता. तिने आकडे वाढवले असते, तर पुढच्या सामन्यात ताजी बॅटरी लावल्यावर रोबो रेषेपलीकडे जाऊन आदळला असता. त्यांनी उरलेली पाळी सोडली, पिटमध्ये जाऊन चाकाच्या फेऱ्या मोजणाऱ्या एन्कोडरवर तो भाग नव्याने लिहिला आणि दुपारी पुन्हा नंबर लावला. बॅटरीची नोंद वहीत होती म्हणूनच हे कळले.

उजेड, मॅट आणि वायफाय

प्रॅक्टिस फील्ड बरोबर चालले म्हणजे मुख्य फील्डही बरोबर चालेल, असे धरून चालू नये. प्रॅक्टिस फील्ड बहुधा सभागृहाच्या कोपऱ्यात, खिडकीजवळ किंवा व्हरांड्यालगतच्या खोलीत मांडलेले असते. मुख्य फील्डवर मंचाचे दिवे असतात. रेषा ओळखणारा रंगसेन्सर या दोन ठिकाणी वेगवेगळे आकडे देतो, आणि पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चारचे ऊन टेबलावर अंथरलेल्या मॅटवर आले, तर एकाच टेबलावर सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळत नाहीत. म्हणून प्रोग्रॅममध्ये पांढऱ्याचा आणि काळ्याचा आकडा कायमचा लिहून ठेवू नये. प्रत्येक टेबलावर नव्याने मोजून घेण्याची सोय ठेवावी आणि सेन्सरभोवती गडद तुकड्यांची झालर लावावी. ‘फर्स्ट टेक चॅलेंज’मध्ये कॅमेऱ्याने एप्रिलटॅग (रोबोला जागा ओळखता यावी म्हणून लावलेल्या चौकोनी काळ्या-पांढऱ्या खुणा) वाचणाऱ्या संघांनीही कॅमेऱ्याचे एक्स्पोजर दोन्ही जागी तपासावे. मुख्य फील्डवर मोजमापासाठी वेळ केव्हा देतात, हे सकाळीच मुख्य रेफरींना विचारून ठेवावे.

‘लेगो लीग’च्या टेबलावर मॅट कठड्याच्या आतल्या जागेपेक्षा किंचित लहान असते. ती दक्षिणेच्या (टेबलाच्या संघाकडच्या बाजूला दक्षिण म्हणतात) कठड्याला टेकवून आणि पूर्व-पश्चिम मधोमध ठेवून अंथरतात, त्यामुळे उत्तरेला फट राहते. उत्तरेच्या भिंतीला टेकून मोजणी सुरू करणाऱ्या रोबोला ही फट नडते. पाळीत पहिल्यांदा मॅटच्या कडा पाहाव्यात आणि मग रोबो ठेवावा.

मोबाइलचे हॉटस्पॉट बंद ठेवणे हा नियम पालकांसाठीही आहे. ‘फर्स्ट’च्या स्पर्धांमध्ये रोबोच्या जोडणीखेरीज संघांना स्वतःचे वायफाय उभारण्यास मनाई आहे. एका सभागृहात पंचवीस रोबो आपापल्या वायरलेस चॅनेलवर बोलत असताना प्रेक्षकांतला एखादा हॉटस्पॉट कुणाचा तरी रोबो फील्डवर मध्येच थांबवू शकतो, आणि त्या संघाला कारण कधीच कळत नाही. कृपया घरच्या मोठ्यांना हे आदल्या दिवशीच सांगा.

बाहेर पडताना

वेळ संपल्याची सूचना मिळाली, की चालू असलेला प्रयत्न तिथेच थांबवा. ‘एकदाच, ताई’ हे मला दिवसातून पन्नास वेळा ऐकू येते, आणि प्रत्येक वेळी ते मागच्या संघाच्या वाट्याचे मिनिट असते. रोबो बंद करून उचला, फील्डवरच्या वस्तू मूळ जागी मांडा, टाइलवर पडलेला स्क्रू किंवा झिप-टायचा तुकडा वेचून घ्या, आणि चर्चा कठड्याबाहेर करा. वुडी फ्लॉवर्स या प्राध्यापकांनी रुजवलेला ‘ग्रेशस प्रोफेशनलिझम’ हा शब्द ‘फर्स्ट’च्या प्रत्येक स्पर्धेत ऐकू येतो. मला तो भाषणांपेक्षा इथे, पुढच्या संघासाठी फील्ड मांडून जाणाऱ्या मुलांत अधिक दिसतो.

दुपारनंतर बाद फेरीसाठी जोडीदार संघ निवडले गेले, तर उरलेली पाळी नव्या जोडीदारासोबत घ्या. दोन्ही रोबोंचे ऑटोनॉमस एकाच वेळी चालवून त्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात का, एवढेच पाहा. छेदत असतील तर एकाने दोन-तीन सेकंद थांबून निघावे, आणि कोणी थांबायचे ते तिथेच ठरवावे.

लावलेली पाळी नको झाली असेल, कारण रोबो उघडा पडला आहे किंवा मुलाखतीचे बोलावणे आले आहे, तर एकाला टेबलाकडे पळवा आणि पत्ता काढून घ्यायला सांगा. पुढच्या संघाला मी लगेच हाक मारते.